दृष्टिपटलाची मोजणी

जिवंत माणसाच्या देहात कातडीला यत्किंचितही छेद न देता रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू प्रत्यक्ष पाहावयास मिळतील असे ठिकाण एकच आहे, आणि ते म्हणजे डोळ्याचा तळ. तेथे जाण्याची वाट बाहुलीतून आहे. परंतु ती वाट सदैव उघडी असूनही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकास जवळजवळ बंदच होती, कारण बाहुलीतून आत गेलेला प्रकाश ज्या वाटेने शिरतो त्याच वाटेने परत फिरतो, आणि तो परतणारा प्रकाश टिपण्यासाठी जो कोणी आपला डोळा पुढे करतो त्याचेच डोके आत जाणाऱ्या प्रकाशाच्या आड येते. केनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाविज्ञान शिकविणाऱ्या हेर्मान हेल्महोल्ट्झने ही अडचण काचेच्या साध्या पट्ट्यांनी सोडविली. दिव्याचा प्रकाश तिरक्या धरलेल्या काचेवरून परावर्तित करून रोग्याच्या डोळ्यात सोडावा आणि परत येणारा प्रकाश त्याच काचेतून आरपार पाहावा, इतकीच ती युक्ती होती. १८५१ साली त्याने आपल्या नेत्रदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले, आणि तोवर केवळ तर्काचा विषय असलेला डोळ्याचा तळ नेत्रवैद्यांच्या नित्याच्या पाहणीत आला.

परंतु पाहणे निराळे आणि खोली जाणणे निराळे, याचा प्रत्यय लवकरच आला. बर्लिनचा आल्ब्रेख्ट फोन ग्रेफे हा त्या काळच्या नेत्रवैद्यांचा मुकुटमणी. त्याने १८५४ साली काचबिंदूच्या रोग्याच्या डोळ्यात जे पाहिले त्याचे वर्णन करताना असे लिहिले की, ज्या ठिकाणी डोळ्याची नस नेत्रगोलाला येऊन मिळते ते वर्तुळ या रोगात फुगून वर येते. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. ते वर्तुळ फुगलेले नसून खचलेले असते, त्यात खळगा पडलेला असतो; एका डोळ्याने, समोरून, सपाट चित्रासारखे पाहणाऱ्या त्या निष्णात पुरुषाला उंचवटा आणि खड्डा यांतील फरक ओळखता आला नव्हता. ग्रेफेचा मोठेपणा हा की अल्पावधीतच त्याने स्वतःची चूक स्वतःच दुरुस्त केली. तथापि या प्रसंगाने जी उणीव उघडी पाडली ती पुढे सुमारे एकशेचाळीस वर्षे कायम राहिली. विहिरीच्या काठावर उभे राहून पाण्याकडे पाहणाऱ्याला पाण्याचा रंग दिसतो, वर तरंगणारे शेवाळ दिसते, पण पाणी कमरेइतके आहे की दोन पुरुष आहे हे पाहून कळत नाही. त्याप्रमाणे नेत्रदर्शकातून दृष्टिपटलाचा वर्ण कळे, त्यावरील रक्ताचे ठिपके दिसत, परंतु त्याची जाडी कळत नसे. आणि ही जाडी ती किती? सुमारे पाव मिलिमीटर. तेवढ्या पातळ पापुद्र्यात शारीरशास्त्रज्ञ दहा थर मोजतात. मात्र ते मोजतात मृताच्या डोळ्याचे काप करून, ते रंगवून, सूक्ष्मदर्शकाखाली धरून. जिवंत आणि पाहत्या डोळ्याचा असा काप, तोही कापल्यावाचून मिळावा, ही नेत्रवैद्यांची जुनी आकांक्षा होती.

ती आकांक्षा ज्या तपासणीने पुरी केली तिचे नाव ऑप्टिकल कोहिरन्स टोमोग्राफी. रुग्णांच्या तोंडी हे नाव बसणे अवघड, म्हणून नेत्रचिकित्सालयात सर्वत्र ‘ओसीटी’ एवढेच म्हणतात, आणि घरी परतल्यावर शेजाऱ्यांना सांगताना ‘पडद्याचा स्कॅन काढला’ असे सांगतात. तपासणीचा विधी साधा आहे. हनुवटी एका आधारावर आणि कपाळ एका पट्टीवर टेकवून रुग्णाने आतील खुणेकडे टक लावून पाहावयाचे. समोरून एक अंधुक लाल रेघ सरकत गेल्याचा भास होतो, तंत्रज्ञ ‘पापणी मिटू नका’ असे दोनदा सांगतो, आणि काही सेकंदांत काम आटोपते. डोळ्याला काही टोचत नाही, काही स्पर्शही करीत नाही. क्ष-किरणांचा येथे संबंध नाही. जो प्रकाश वापरतात तो अवरक्ताच्या उंबरठ्यावरचा, बहुधा ८४० नॅनोमीटरच्या आसपास तरंगलांबी असलेला असतो. इतक्या सौम्य साधनाने एका मिलिमीटरच्या दोनशेव्या भागापर्यंतचे अंतर कसे मोजले जाते, हा प्रश्न मोठा मनोरंजक आहे.

मूळ कल्पना प्रतिध्वनीची. सह्याद्रीच्या एखाद्या दरीत हाक मारून ती समोरच्या कड्यावरून किती वेळाने परतते हे मोजले की कड्याचे अंतर निघते. गर्भवतीच्या उदराची सोनोग्राफी याच तत्त्वावर चालते. ध्वनीऐवजी प्रकाशाची हाक मारावी आणि दृष्टिपटलाच्या प्रत्येक थरावरून परतणारा तिचा पडसाद ऐकावा, म्हणजे प्रत्येक थर किती खोल आहे ते कळेल, असा हा सरळ विचार आहे. अडचण वेगाची. शरीरातील ऊतकांतून ध्वनी जितक्या वेगाने जातो त्याच्या सुमारे दीड लाख पट वेगाने प्रकाश जातो. दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, इतक्या अंतरावरील दोन थरांवरून परतणाऱ्या प्रकाशात जो काळाचा फरक पडतो तो किती, हे सांगावयाचे तर एका सेकंदाचे एक कोटी भाग करावे, त्यांपैकी एका भागाचे पुन्हा एक कोटी भाग करावे, आणि त्या शेवटच्या भागांपैकी नऊ घ्यावे. इतका सूक्ष्म काळ थेट मोजू शकेल असे विद्युत्-घड्याळ कोणाच्याही संग्रही नाही.

जेथे घड्याळ चालत नाही तेथे तुलना चालते. अमेरिकन पदार्थवैज्ञानिक अल्बर्ट मायकेलसन याने १८८० नंतरच्या दशकात जे व्यतिकरणमापक यंत्र प्रसिद्धीस आणले त्यात प्रकाशाच्या एका किरणाचे अर्धपारदर्शक आरशाने दोन भाग केले जातात, ते दोन निरनिराळ्या वाटांनी पाठविले जातात आणि परतल्यावर पुन्हा एकत्र आणले जातात. दोन्ही वाटांच्या लांबीत केसाच्या अंशाएवढा फरक असला तरी एकत्र आलेल्या प्रकाशाच्या तेजात तो उमटतो. ओसीटीच्या यंत्रात हीच रचना आहे. अर्धा प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात जातो आणि अर्धा यंत्रातच ठेवलेल्या, ज्याचे अंतर काटेकोर ठाऊक आहे अशा आरशावर जातो. यात मर्मस्थान आहे ते प्रकाशाच्या निवडीत, आणि ते समजण्यासाठी आपल्याकडील गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतील लेझीमच्या पथकाची कल्पना करावी. समजा, हे पथक मोठे लहरी आहे: दर दहा पावलांनी त्याचा ठेका बदलतो, आणि पुढचा ठेका कोणता असेल हे आधी सांगता येत नाही. या पथकाच्या दोन तुकड्या करून त्यांना एकाच क्षणी, एकाच ठेक्यांच्या क्रमाने, दोन निराळ्या आळ्यांतून सोडले, आणि त्या पुढच्या चौकात भेटल्या, तर त्यांचा ताल जुळेल कधी? दोन्ही आळ्या दहा पावलांच्या आत सारख्या लांबीच्या असतील तेव्हाच. एरवी एक तुकडी नव्या ठेक्यावर गेलेली असेल आणि दुसरी जुनाच धरून असेल. म्हणजे चौकात उभ्या असलेल्या आंधळ्या श्रोत्यालाही, केवळ ताल जुळतो की नाही यावरून, दोन आळ्यांची लांबी सारखी आहे की नाही हे घड्याळावाचून सांगता येईल. शुद्ध लेझर प्रकाश हा दूरवर एकच ठेका धरणाऱ्या पथकासारखा असतो, त्यामुळे तो या कामी निरुपयोगी; ओसीटीला हवा असतो तो अनेक रंगछटा मिसळलेला, थोड्याच मायक्रॉनांत ताल सोडणारा प्रकाश. ज्या गुणाला ‘कोहिरन्स’ म्हणतात तो हा ताल टिकण्याचा गुण. या यंत्राची सारी करामत तो गुण जाणूनबुजून तोकडा ठेवण्यात आहे. रंगछटा जितक्या अधिक तितका ताल अल्पजीवी, आणि ताल जितका अल्पजीवी तितकी मोजणी अधिक बारीक.

ही युक्ती प्रत्यक्षात उतरविण्याचे श्रेय मुख्यत्वे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या परिसरात जमलेल्या मंडळींना आहे. तेथील जेम्स फुजिमोटो हे प्रकाशाच्या अत्यल्पकालिक स्पंदांचे अभ्यासक. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी अशा स्पंदांनी डोळ्यातील अंतरे मोजण्याचा प्रयत्न केला होता, पण ती सामग्री बोजड आणि खर्चाची होती. त्यांच्या हाताखाली वैद्यक आणि अभियांत्रिकी या दोन्ही शाखांचा एकत्र अभ्यास करणारा डेव्हिड ह्वांग हा विद्यार्थी होता, आणि लिंकन प्रयोगशाळेत उपग्रहांमधील प्रकाशीय दळणवळणावर काम करणारा एरिक स्वॉन्सन हा अभियंता त्यांस येऊन मिळाला. नेत्रवैद्यकाच्या बाजूने कार्मेन पुलियाफिटो आणि जोएल शूमन होते. दूरध्वनीच्या काचतंतूंसाठी बाजारात आलेली तुलनेने स्वस्त सामग्री या कामी लावता येईल, ही दृष्टी या मेळातून आली. १९९१ च्या नोव्हेंबरात ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे मृत डोळ्याच्या दृष्टिपटलाची आणि हृदयाच्या धमनीची होती. जिवंत माणसाच्या दृष्टिपटलाची चित्रे १९९३ साली प्रसिद्ध झाली, आणि त्या शर्यतीत व्हिएन्नाचे अडॉल्फ फेर्शर आणि त्यांचे सहकारी बरोबरीने धावत होते. १९९६ मध्ये पहिले यंत्र विक्रीस आले. प्रारंभी त्याला फारसे गिऱ्हाईक नव्हते, कारण अनुभवी नेत्रवैद्यांस आपल्या भिंगावर आणि हातावर भरवसा होता.

पुढील सुधारणेचे गमक गणितात सापडते. आरंभीच्या यंत्रांत तो आरसा मागेपुढे सरकवून एकेका खोलीवरील ताल तपासावा लागे. २००२ च्या सुमाराचे यंत्र सेकंदाला खोलीच्या दिशेने ४०० रेषा मोजी, त्यामुळे ५१२ रेषांच्या एका कापाला सव्वा सेकंद लागे आणि तेवढ्यात रुग्णाचा डोळा हलून जाई. पुढे असे ध्यानात आले की आरसा हलविण्याची गरजच नाही. परतलेल्या प्रकाशाचा वर्णपट मांडून त्यावर फूरियेचे गणित चालविले, म्हणजे सर्व खोलींवरील पडसाद एकाच वेळी निरनिराळे होऊन हाती येतात. उष्णता धातूतून कशी पसरते हे सांगण्यासाठी फ्रेंच गणिती जोसेफ फूरिये याने १८२२ साली ग्रंथरूपाने मांडलेली ही रीत, पावणेदोनशे वर्षांनी डोळ्याच्या तळाशी उपयोगी पडावी, हा ज्ञानाच्या वंशावळीतील एक नमुनेदार योग होय. २००६ पासून बाजारात आलेली या जातीची यंत्रे सेकंदाला २५ हजारांहून अधिक रेषा मोजू लागली. सहा मिलिमीटर लांबीरुंदीच्या चौकोनात दोनशे गुणिले दोनशे, म्हणजे ४० हजार ठिकाणी खोली मोजून व्हावयास सुमारे दीड सेकंद पुरेसा झाला. या तपासणीच्या शोधाबद्दल फुजिमोटो, ह्वांग आणि स्वॉन्सन यांना वैद्यकीय संशोधनाचा २०२३ चा लास्कर पुरस्कार मिळाला.

आता त्या चित्राकडे वळू. पडद्यावर जो काप उमटतो तो एखाद्या नदीकाठच्या दरडीसारखा, थरावर थर असलेला दिसतो. प्रकाश जेथून अधिक परततो तो थर उजळ आणि जेथून परतत नाही ती जागा काळी. सर्वांत वर मज्जातंतूंचा उजळ थर. मध्ये पेशींचे आणि त्यांच्या जोडण्यांचे आळीपाळीने उजळ-सावळे पट्टे. आणि जवळजवळ तळाशी, प्रकाश ज्यांच्यासाठी इथवर आला त्या शंकू व शलाका पेशी. म्हणजे निसर्गाने तारा पुढे आणि ग्राहक मागे अशी उफराटी मांडणी केली आहे, आणि तिचा जाच होऊ नये म्हणून जेथे दृष्टी सर्वांत तीक्ष्ण हवी त्या पीतबिंदूच्या मध्यावर वरचे थर बाजूला सारून एक सुबक द्रोणाकार खोलगट जागा ठेवली आहे. निरोगी डोळ्याच्या चित्रात हा द्रोण पाहून अनुभवी वैद्याला जे समाधान वाटते ते एखाद्या गवयाला षड्ज नीट लागल्यावर वाटावे तसे असते. पीतबिंदूत रोग आला की बहुधा या द्रोणाची घडी बिघडते.

मधुमेहाचेच उदाहरण घ्यावे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर आहे. या रोगात दृष्टिपटलाच्या केशवाहिन्या झिरपू लागतात आणि ते पाणी पीतबिंदूच्या थरांत साचते. रुग्ण म्हणतो, ‘चष्म्याचा नंबर वाढला असेल’. चित्रात मात्र तो द्रोण भरून वर आलेला आणि थरांच्या मधोमध मधमाशांच्या पोळ्यासारखे काळे कोष पडलेले दिसतात, कारण स्वच्छ द्रव प्रकाश परतवीत नाही. सूज किती मायक्रॉन हा आकडा कागदावर येतो, आणि डोळ्यात द्यावयाच्या इंजेक्शनांनी ती उतरते आहे की नाही, पुढचे इंजेक्शन केव्हा द्यावे, हे ठरविताना रुग्णाच्या दृष्टीबरोबर या आकड्याचाही विचार होतो. वार्धक्यात पीतबिंदूचा जो ऱ्हास होतो त्यात प्रथम सर्वांत खालच्या रंजित थराखाली कचऱ्याचे लहान ढिगारे साचून तो थर लाटांसारखा उंचसखल होतो; पुढे काहींच्या डोळ्यात त्याच्या खालून नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या घुसतात आणि गळू लागतात. पूर्वी हे गळणे शोधण्यासाठी दंडाच्या शिरेत पिवळा रंग टोचून छायाचित्रे घ्यावी लागत, आणि काही प्रसंगी आजही घ्यावी लागतात. परंतु दर महिन्याची विचारपूस आता ओसीटीवर भागते.

पीतबिंदूला पडणाऱ्या छिद्राची कथा याहून बोधप्रद आहे. हे छिद्र का पडते याविषयी अनेक तर्क होते. मायामीचे डोनाल्ड गॅस यांनी १९८८ साली केवळ भिंगाने निरखून असा सिद्धांत मांडला की नेत्रगोलात भरलेला काचाभ द्रव वयोमानाने आकसताना पीतबिंदूला ओढ देतो आणि त्या ओढीने पापुद्रा फाटतो. १९९१ मध्ये नील केली आणि रॉबर्ट वेंडेल यांनी तो द्रव काढून छिद्र बुजविण्याच्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यानंतर ओसीटीच्या कापात ती ओढ, आढ्याला बांधलेल्या दोरीने तंबूचे टोक उचलले जावे तशी, साक्षात दिसली. गॅस यांचे निदान यंत्राआधीचे आहे, हे मुद्दाम ध्यानात ठेवावे; यंत्राने त्यातील ओढीच्या मुद्द्यावर शिक्कामोर्तब केले.

पीतबिंदूच्या या विकारांत रुग्णाला निदान काही तक्रार असते: अक्षरे वाकडी दिसतात, मधोमध डाग येतो. दृष्टिबिंबाच्या रोगात पुष्कळदा तीही नसते. दृष्टिबिंब म्हणजे ग्रेफेला फसविणारे तेच वर्तुळ. दृष्टिपटलावर पसरलेले सुमारे १० ते १२ लक्ष तंतू येथे गोळा होऊन, एकदम मागे वळून, मेंदूकडे जाणारी नस बनते. तंतूंच्या या वळणाने मध्यभागी एक नैसर्गिक वाटी राहते. काचबिंदूत हे तंतू एकेक करून मरतात, वाटीचा काठ झिजतो आणि वाटी रुंदावते. भारतात चाळिशीपुढील एक कोटीहून अधिक माणसांना हा रोग असावा असा तज्ज्ञांचा अंदाज आहे, आणि त्यांपैकी बहुसंख्यांना त्याचा पत्ताच नसतो. कारण ऱ्हास कडेच्या दृष्टीपासून सुरू होतो, एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो, आणि अक्षरे वाचण्याची मधली दृष्टी शेवटपर्यंत शाबूत राहते. रुग्णाने प्रकाशाचा ठिपका दिसताच कळ दाबावयाची अशी दृष्टिक्षेत्राची जी परीक्षा असते तिच्यात दोष उमटेपर्यंत तंतूंचा पाव हिस्सा वा त्याहूनही अधिक नष्ट झालेला असू शकतो. सरकारजमा झालेल्या जमिनीची नोटीस मालकाच्या हाती पडावी तेव्हा शिवारातील पाव हिस्सा आधीच गेलेला असावा, असा हा प्रकार आहे.

येथे ओसीटी मोजणीदाराचे काम करते. दृष्टिबिंबाभोवती साडेतीन मिलिमीटरहून किंचित कमी व्यासाचे एक वर्तुळ कल्पून त्या परिघावर तंतूंच्या थराची जाडी ठायी ठायी मोजतात. पीतबिंदूला वळसा घालून येणारे तंतू वरून आणि खालून दाटीने शिरत असल्यामुळे निरोगी डोळ्याच्या आलेखात दोन उंटांच्या मदारीसारखे दोन उंचवटे येतात. सरासरी जाडी बहुधा ९० ते १०० मायक्रॉनांच्या आसपास भरते. काचबिंदूत खालचा किंवा वरचा उंचवटा आधी बसू लागतो. नसेचे इतर विकारही याच कागदावर आपली निशाणी ठेवतात: क्षयाच्या उपचारातील एथॅम्ब्युटॉल या औषधाने क्वचित नसेला इजा होते, मेंदूतील दाब वाढला की दृष्टिबिंब सुजून जाडी वाढते, आणि बिंबात पुरलेल्या चुनखडीसारख्या कणांमुळे जो सुजेचा नुसता आभास होतो तो खोलवर घेतलेल्या कापात उघडा पडतो, त्यामुळे एखाद्या निरोगी मुलाची मेंदूच्या रोगाच्या संशयातून सुटका होते. संधिवातासाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, पाच वर्षांनंतर, दरवर्षी हा स्कॅन करावा असा अमेरिकन नेत्रवैद्यांच्या संघटनेचा सल्ला आहे; तेथे धोका मात्र नसेला नसून पीतबिंदूभोवतीच्या शंकू-शलाकांना असतो.

परंतु जेथे आकडा आला तेथे आकड्याचा अंमलही आला, आणि या अंमलाविषयी सावध राहणे अवश्य आहे. रुग्णाच्या हाती पडणाऱ्या कागदावर जाडी हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत दाखविलेली असते. हिरवा म्हणजे ठीक, लाल म्हणजे रोग, असा सरसकट समज आहे; तो चुकीचा आहे. लाल रंगाचा खरा अर्थ इतकाच की यंत्राच्या दप्तरी ज्या निरोगी माणसांच्या नोंदी आहेत त्यांपैकी त्याच वयाच्या शंभरांत एखाद्याचीच जाडी इतकी कमी असते. आणि ते दप्तर केवढे? एका सुप्रसिद्ध यंत्राच्या मूळ दप्तरात २८४ माणसे होती, आणि त्यांत भारतीय शेकडा एक. एवढ्या मूठभर परक्या प्रजेच्या सरासरीवर सातारा-सांगलीच्या शेतकऱ्याच्या नसेचा निवाडा करणे म्हणजे एका तालुक्याच्या आणेवारीवरून दुसऱ्या तालुक्याचा सारा आकारणे होय. ज्याला जाड उणा चष्मा आहे त्याचा नेत्रगोल लांबट असतो, त्याच्या तंतूंची वाट सरकलेली असते. त्याचा आलेख रोग नसतानाही लाल येऊ शकतो. मोतीबिंदूने प्रकाश अडला, डोळा कोरडा पडला, पापणी मिटली, मोजण्याचे वर्तुळ बिंबावरून किंचित ढळले, किंवा थरांच्या सीमा आखताना यंत्रच चुकले, तरी कागद तितक्याच आत्मविश्वासाने आकडा छापतो. उलटपक्षी, ज्याची जाडी मुळात ११० होती त्याची ९० वर आली तरी रंग हिरवाच राहतो, आणि वीस मायक्रॉनांची लूट दप्तरात दिसत नाही. शिवाय तंतू संपूर्ण गेले तरी आधारपेशी आणि रक्तवाहिन्या उरतातच, म्हणून पन्नास-पंचावन्न मायक्रॉनांच्या खाली मोजणी उतरत नाही. त्या पायरीवर पोहोचलेल्या रुग्णाचा पुढील ऱ्हास या यंत्राला कळेनासा होतो आणि पुन्हा दृष्टिक्षेत्राच्या परीक्षेकडेच वळावे लागते.

तर मग या मोजणीचा भरवसा कोठे धरावा? तो परक्याशी केलेल्या तुलनेपेक्षा स्वतःच्या भूतकाळाशी केलेल्या तुलनेत धरावा, असे मला वाटते. वयोमानाने प्रत्येकाचे तंतू दर दशकात दोन-एक मायक्रॉन कमी होतातच. आणि एकाच डोळ्याची एकाच दिवशी दोनदा मोजणी केली तरी चार-पाच मायक्रॉनांचा फरक पडू शकतो. तेवढी सूट देऊनही जर तोच डोळा, त्याच यंत्रावर, वर्षागणिक खाली घसरत असेल, तर जगातील सर्व सरासऱ्या हिरव्या असल्या तरी ते रोगाचे लक्षण आहे. आणि जर दहा वर्षे आकडा जेथल्या तेथे उभा असेल, तर त्याचा लाल रंग बहुधा जन्मजात आहे. कोणत्या जातीच्या यंत्रावर मोजणी झाली याची नोंद मात्र हवी, कारण दोन निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांचे मायक्रॉन एकमेकांशी तंतोतंत जुळत नाहीत. या विद्येची जी नवी शाखा गेल्या दशकात पुढे आली, तिच्यात कोणताही रंग न टोचता दृष्टिपटलाच्या केशवाहिन्यांचे जाळे दिसते, आणि तिचेही रहस्य हेच आहे: एकाच जागेचे काप क्षणाक्षणाच्या अंतराने पुनःपुन्हा घ्यावयाचे, जे स्थिर आहे ते वजा करावयाचे, आणि जे बदलले ते धावणारे रक्त असे ओळखावयाचे. तेथे जे सेकंदाच्या अंशात घडते तेच वैद्याला वर्षांच्या अवकाशात घडवून आणावे लागते.

मघा सांगितलेल्या लेझीमच्या दोन तुकड्या आता पुन्हा आठवाव्यात. प्रकाशाच्या पडसादाचा काळ मोजणारे घड्याळ माणसाजवळ नव्हते, म्हणून त्याने प्रकाशाची तुलना प्रकाशाच्याच दुसऱ्या अर्ध्याशी केली. त्याप्रमाणे मनुष्याच्या डोळ्याचा खरा मापदंडही त्याच डोळ्यात आहे, मात्र त्याचा पूर्वीचा अर्धा कोणीतरी जपून ठेवलेला असला पाहिजे. आपल्याकडे सातबाऱ्याचा उतारा आणि मोजणीचा नकाशा ट्रंकेच्या तळाशी कापडात गुंडाळून पिढ्यान् पिढ्या ठेवतात, कारण बांध सरकला की वाद तोंडी मिटत नाही, जुना कागदच पुढे करावा लागतो. चाळिशीत, विशेषतः घरात कोणाला काचबिंदू झालेला असताना, जो पहिला स्कॅन निघाला तो बहुतेक घरांत ‘नॉर्मल आहे’ एवढे ऐकून औषधांच्या रिकाम्या पाकिटांबरोबर टाकला जातो. तो कागद खरे पाहता त्या डोळ्याच्या पहिल्या मोजणीचा नकाशा आहे. तो त्या ट्रंकेत, सातबाऱ्याच्या शेजारी, तारखेसह ठेवावा. वीस वर्षांनी एखादा नेत्रवैद्य ‘पूर्वीचे काही आहे का?’ असे विचारील, तेव्हा त्याच्यापुढे ठेवण्याजोगा दुसरा साक्षीदार कोठेही मिळणार नाही.